आठ जागा, आठ सह्या

तुम्ही तुमच्याच घरात राहता हे सिद्ध करा, असं चौसष्ट वर्षांच्या माणसाला कोणी सांगितलं तर त्याने काय करावं? कॅलिस्ट मास्तरांनी आधी चष्मा पुसला. मग हातातला फॉर्म उलटून पाहिला, मागे कुठे 'गंमत केली' असं छापलंय का ते बघायला. मागे आणखी अकरा सूचना होत्या.

सकाळचे साडेसात वाजले होते. पेटिट मार्गो बेटाच्या धक्क्यावर कस्टमची पत्र्याची शेड आहे, तिथे मोठ्या बेटावरून आलेला पर्यटन खात्याचा साहेब टेबल मांडून बसला होता. नाव डेलानो पास्कॉल, वय सत्तावीसच्या आसपास, आणि त्या उकाड्यात गळ्यात टाय. मार्गोवर टाय एक तर मयताच्या गळ्यात दिसतो, नाही तर त्याला पोचवायला निघालेल्यांच्या. त्यामुळे शेडमध्ये डोकावणारा प्रत्येक जण आधी टोपी काढून गंभीर चेहऱ्याने उभा राहत होता, आणि साहेबाला वाटत होतं की हा आपल्या हुद्द्याचा मान आहे.

"नियम नवा आहे, मास्तर," साहेब म्हणाला. "गाइडचा परवाना पाहिजे तर अर्जदाराने बेटावरच्या आठही प्रेक्षणीय जागा एका दिवसात बघायच्या. प्रत्येक जागी तिथल्या एका रहिवाशाची सही घ्यायची. मी पाचच्या बोटीने परत जाणार. त्याच्या आत फॉर्म माझ्या हातात."

"या आठ जागांची माहिती शाळेच्या पुस्तिकेत कोणी लिहिली, ठाऊक आहे का तुला?"

"नाही."

"शेवटच्या पानावर नाव आहे."

"मग तुम्हाला सोपं जाईल," साहेब म्हणाला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघू लागला. रांगेत पुढे कोणीच नव्हतं.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाला 'सोपं जाईल' हे वाक्य कोणाला म्हणतात ते चांगलं माहीत असतं. त्यांनी स्वतःच ते शेकडो वेळा म्हटलं होतं, नापास होणाऱ्या पोरांना, परीक्षेच्या आदल्या दिवशी.

खरं तर फॉर्म तिथल्या तिथे फाडून समुद्रात फेकायचा आणि घरी जाऊन खारवलेले मासे खायचे, हा मार्ग मोकळा होता. पण उद्या सकाळी चाळीस पेन्शनरांना घेऊन एक छोटं पांढरं जहाज येणार होतं. गेली अकरा वर्षं असं जहाज आलं की मास्तर छत्री घेऊन धक्क्यावर हजर व्हायचे आणि पाहुण्यांना बेट दाखवायचे. आता नव्या नियमाने बिनपरवान्याच्या माणसाने पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नव्हतं. परवाना एकाकडेच होता, ट्रॅव्हिसकडे. हा मोठ्या बेटावरचा. शर्टावर पोपट, छातीवर बिल्ला आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, सतत दाखवायला. मागच्या महिन्यात 'वरचं टोक' म्हणतात त्या टेकडीच्या पायथ्याशी त्याने पाहुण्यांना उभं केलं. समोर समुद्रात किटली नावाचा खडक आहे. तिथे एकसष्ट वर्षांपूर्वी 'अमेलिया बी' हे शिडाचं जहाज फुटलं आणि चौदा माणसं बुडाली, असं त्याने सांगितलं. इथवर बरोबर होतं. पुढे म्हणाला, चौदाच्या चौदा रम पिऊन तर्र होती. पाहुणे हसले. एका म्हाताऱ्याने तर बाटली तोंडाला लावल्याची नक्कल करून दाखवली. मास्तर मागेच उभे होते. त्या चौदांपैकी एक त्यांचे वडील. मास्तर तेव्हा तीन वर्षांचे होते.

तेव्हा प्रश्न एवढाच होता, की उद्या त्या जागी ट्रॅव्हिस बोलणार की आपण. त्यासाठी आठ सह्याच काय, ऐंशी सह्या आणायची मास्तरांची तयारी होती.

घरी येऊन त्यांनी काळे कातडी बूट कपाटातून काढले. बायको, युलाली, दारात उभी राहून बघत होती. ती रागावली की नवऱ्याला आडनावाने हाक मारते.

"मिस्टर कॅलिस्ट, हे बूट घालून तुम्ही डोंगर चढणार?"

"ही परीक्षा आहे. परीक्षेला चपला घालून जात नाहीत."

"आणि पडलात तर?"

"तर परीक्षेत पडलो असं समज."

शेजारच्या ऑस्बर्टची मिनीबस आहे. तिच्या कपाळावर 'देवाची इच्छा असेल तर' असं रंगवलंय आणि बस खरोखर त्याच बोलीवर चालते. ऑस्बर्टला सगळं बेट 'घाई' म्हणतं, कारण त्याला ती कधीच नसते. मास्तर गाडीत बसले तोवर बातमी फुटलेली होती, आणि बेकरीसमोर जमलेल्या मंडळींनी बस अडवून सल्ला द्यायला सुरुवात केली. मार्गोवर रस्ता एकच, तोही गोल. पण तो उजवीकडून फिरावा की डावीकडून, यावर पाऊण तास सभा चालली. उजवीकडून गेलं तर ऊन तोंडावर येतं म्हणे, आणि डावीकडून गेलं तर चुलत्याशी भांडण असलेलं एक घर आधी लागतं. शेवटी डावीकडून जायचं ठरलं, कारण बसचं तोंड त्या बाजूला होतं.

वाटेत मास्तरांनी मागच्या सूचना वाचायला घेतल्या. चौथ्या सूचनेला ते थांबले.

"सही करणारी व्यक्ती अर्जदाराच्या नात्यातली नसावी."

घाईने गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली आणि इंजिन बंद केलं. गंभीर विषयावर तो चालत्या गाडीत बोलत नाही. "मास्तर, आपल्या बेटावर माणसं नऊशे. त्यात तुमच्या नात्यात नाही असा फक्त पाद्री, आणि तो मंगळवारी मोठ्या बेटावर दात दाखवायला जातो. आज मंगळवार."

"चल पुढे. नातं काय कपाळावर लिहिलेलं असतं?"

"तुमच्या घराण्यात नाकावर लिहिलेलं असतं," घाई म्हणाला आणि गाडी सुरू केली.

पहिली जागा, जुन्या पवनचक्कीचा बुरूज. तो मिस फिलोमेनाच्या अंगणात आहे, म्हणजे खरं तर तिचं अंगण बुरुजाभोवती आहे. आधी 'गुड मॉर्निंग' झालं, कारण ते न म्हणता कामाचं बोलणाऱ्या माणसाला आमच्याकडे चोर तरी समजतात नाही तर सरकारी. मग गुडघ्यांची चौकशी झाली, मग कोको आला, तळलेल्या भाकऱ्या आल्या. अर्ध्या तासाने मास्तरांनी हळूच फॉर्म पुढे केला. मिस फिलोमेनाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"कशावर सही?"

"मी इथे आलो होतो यावर."

"तुम्ही आलात ते मला दिसतंय की. कागदाला कशाला सांगायचं?"

आता यात तिचा दोष काढायचा तरी कसा? मार्गोवर जमीन एकाची नसते. पणजोबाने घेतली की ती त्याच्या सगळ्या लेकरांची, त्यांच्या लेकरांची, आणि ब्रुकलिनमध्ये बर्फ उपसणाऱ्या नातवाचीसुद्धा. ती विकता येत नाही, वाटता येत नाही, आंबा मात्र कोणीही तोडावा. एकदा, फार पूर्वी, चांगले कपडे घातलेला एक माणूस चांगल्या भाषेत बोलत एक कागद घेऊन आला. एका म्हाताऱ्याने त्यावर फुली मारली. तो अख्खा किनारा गेला. तिथे आता हॉटेल आहे आणि फाटकावर पहारेकरी आहे, आणि त्या म्हाताऱ्याच्या नातवंडांना पोहायला जायचं तर त्या पहारेकऱ्याला विचारावं लागतं. तेव्हापासून मार्गोचा माणूस दारात आलेल्याला जेवू घालेल, अंथरूण देईल, वेळ पडली तर किडनी देईल, पण सही देणार नाही.

"फिलोमेना मावशी, मी तुमची जमीन घेणाऱ्यांतला वाटतो का?"

"तुम्ही नाही हो. पण कागद कुठे जाईल ते तुम्हाला तरी काय माहीत?" असं म्हणून तिने अर्धा डझन भाकऱ्या बांधून दिल्या.

दुसरी जागा किनाऱ्यावरची, जिथे लाकडी होड्या बांधतात. तिथला मुख्य सुतार लुडोविक म्हणजे मास्तरांचा जुना विद्यार्थी. मास्तरांना बरं वाटलं. फॉर्म पाहून लुडोविकने रंधा खाली ठेवला, ताठ उभा राहिला आणि वर्गात म्हणतात तशा सुरात म्हणू लागला, "न वाचता सही करू नये. वाचून कळलं नाही तर मुळीच करू नये. कळलं तर घरच्यांना विचारून करावी." होडीच्या आत, होडीच्या खाली काम करणारे चौघे त्याच्या सुरात सूर मिसळून शेवटपर्यंत म्हणाले. चौघांच्याही पाठीवर हा धडा मास्तरांच्या पट्टीने पक्का झालेला होता.

"पुरे झालं. मग वाच आणि कर," मास्तर दात आवळून म्हणाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

लुडोविकने वाचलं. वीस मिनिटं वाचलं. "'मी याद्वारे प्रमाणित करतो.' याद्वारे म्हणजे कशाद्वारे?"

"या कागदाद्वारे."

"मग कागदच प्रमाणित करतोय, मी कशाला मध्ये?" धडा कळलेल्या विद्यार्थ्याइतका त्रास ढ विद्यार्थी कधी देत नाही. पुढे तिसऱ्या नियमाप्रमाणे त्याने घरच्यांना विचारायला ब्रुकलिनला फोन लावला. त्याची बहीण तिथे वकिलाच्या ऑफिसात लादी पुसते. लादी पुसते, पण वकिलाच्या ऑफिसातली, त्यामुळे अख्ख्या बेटाची कोर्टकचेरी तीच बघते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "हात लावू नकोस. कोण घेऊन आलंय? मास्तर? अरे देवा, त्यांनासुद्धा गाठलं."

मार्गोच्या एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला ब्रुकलिनमार्गे जाते आणि ती घाईच्या बसच्या कितीतरी आधी पोचते. तिसऱ्या गावात बस शिरली तेव्हा लोक रस्त्यावर येऊन उभे होते. कोणी हसत नव्हतं. 'गुड मॉर्निंग' मात्र सगळ्यांनी घातलं, कारण राग वेगळा आणि वळण वेगळं.

त्या गावात नेमका एक कार्यक्रम होता. म्हातारा गेल्यावर काही वर्षांनी, पैसे जमले की, त्याच्या कबरीवर दगड बसवतात आणि गावजेवण घालतात. मास्तरांनी बघायची तिथली जागा म्हणजे समुद्राकाठचं जुनं कब्रस्तान, आणि यजमान तिथेच राहणारा क्वाशी. नात्यातलाच, पण लांबचा. तीन पिढ्यांवर नातं धरायचं नाही असं मास्तरांनी त्या दिवसापुरतं ठरवून टाकलं होतं.

"जेवा, मास्तर," क्वाशी म्हणाला, "पण तो कागद दूर ठेवा."

मास्तरांनी चिडून कागद दूर ठेवला, आतल्या खोलीत, पांढरी चादर घातलेल्या पहिल्या दिसेल त्या टेबलावर. खोलीतला गलका एकदम थांबला. मास्तरांनी वळून पाहिलं. टेबलावर मेणबत्ती होती, ताट वाढलेलं होतं, रमचा पेला होता. ते घरातल्या गेलेल्यांचं ताट. ते जेवून उठेपर्यंत, म्हणजे मेणबत्ती विझेपर्यंत, त्या टेबलावरच्या कशालाही जिवंत माणसाने हात लावायचा नसतो. ही चाल काय आहे, कशी आहे, हे शाळेच्या पुस्तिकेत पान सतरावर सविस्तर दिलेलं आहे. लेखक, थिओफिलस कॅलिस्ट.

"मी अजून टेकवला नव्हता," मास्तर म्हणाले.

"टेकवला होता," खोलीतल्या अकरा माणसांनी सांगितलं.

मेणबत्ती चांगली जाड होती. मास्तर बाहेर बाकावर बसून घड्याळ बघत होते आणि त्यांच्या पुढ्यात कोणी ना कोणी मटण आणि कण्यांचा गोळा वाढत होतं. राग आणि मटण एकाच पोटात मावत नाहीत. दीड तास गेला. घाई शेजारी बसून कोंबडीची तंगडी चोखत होता.

"एवढे पूर्वज आत बसलेत, मास्तर. एखाद्याने तरी सही केली असेल."

"घाई, आणखी एक शब्द बोललास तर तुझी शाळेची सगळी प्रगतिपुस्तकं मी बेकरीच्या दारावर चिकटवीन."

फॉर्म परत मिळाला तेव्हा सव्वादोन झाले होते आणि त्यावर मेणाचे दोन थेंब पडले होते. पुढच्या तीन जागी तर कोणी दारच उघडलं नाही, फक्त आतून आवाज आला, "गुड आफ्टरनून, मास्तर, आम्ही घरी नाही." खाऱ्या तळ्यापाशी मात्र नशीब उघडलं. तिथे व्हिटकोम नावाचा एक इंग्रज आपल्या शिडाच्या होडीत राहतो, अकरा वर्षांपूर्वी दोन रात्रींसाठी आला होता. नात्यातला नाही, जमीन नाही, गमावण्यासारखं काही नाही. त्याने फॉर्म घेतला आणि एकही ओळ न वाचता झोकात सही ठोकली. मास्तरांनी त्याचे मनापासून आभार मानले आणि मनातल्या मनात त्याला नापास केलं.

उरली आठवी जागा. वरचं टोक.

बस पायथ्याशी थांबली. तिथून वर फक्त पायवाट जाते. मास्तर खाली उतरले आणि उभेच राहिले. अकरा वर्षं ते पाहुण्यांना इथेच उभं करत होते. छत्रीने आधी समुद्रातला किटली खडक दाखवायचा आणि मग वर बोट करायचं. "त्या तिथे माझी आई उभी होती. अमेलिया खडकावर आपटताना तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं." पाहुणे रुमाल काढायचे. एकदा एका बाईला पाणी पाजावं लागलं होतं.

"मास्तर," घाई म्हणाला, "वर तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?"

मास्तर बुटाची नाडी बांधायला वाकले. बांधलेलीच होती, ती सोडून पुन्हा बांधली. "लहानपणी आई जाऊ द्यायची नाही," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "ती दर शुक्रवारी जायची, पण मी मागे निघालो की दगड उचलायची. पुढे ती गेली. मग शाळा होती. मग गुडघे."

"म्हणजे कधीच नाही?"

"इथेच थांब आणि तोंड बंद ठेव."

चढताना त्यांनी एकेकाचा उद्धार केला. आधी डेलानो पास्कॉलचा, त्याच्या टायचा, खात्याचा, चौथ्या सूचनेचा. मग ट्रॅव्हिसचा. मग लुडोविकच्या बहिणीचा. अर्ध्या वाटेवर निवडुंगाने पँट मागून फाडली, तेव्हा निवडुंगाचाही. सुगी संपली की मार्गोवर शेळ्या मोकळ्या सोडतात. त्यांतल्या सात-आठ वाटेवरच बसल्या होत्या आणि काही केल्या उठत नव्हत्या. मास्तरांना त्यांच्यातून वाट काढत, एकीला तर 'एक्स्क्यूज मी' म्हणत जावं लागलं. वर पोचले तेव्हा छातीचा भाता झाला होता आणि एका बुटाचा तळ लोंबत होता.

वर सपाट खडकांचं एक बैठं आवार होतं. वारा चांगला होता. मास्तरांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्र भरपूर होता. किटली मात्र नव्हती.

ते डावीकडे सरकले. मग उजवीकडे. मग खडकावर चढून पाहिलं. टेकडीचाच एक खांदा मध्ये आला होता, आणि त्याच्या पलीकडे, नेमकी जिथे किटली असायला हवी, तिथे काहीच दिसत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं.

"काय हरवलं?" मागून आवाज आला. एका खडकाच्या सावलीत मिस इस्मे बसली होती, शेळीची दोरी पायाला बांधून. एक्याण्णव वर्षांची बाई, कान तिखट, डोळे त्याहून तिखट.

"गुड आफ्टरनून, मिस इस्मे. मी थिओफिलस. रोझेटाचा."

"गुड आफ्टरनून. नाकावरून कळलंच. उशिरा आलास."

"किटली कुठून दिसते हो इथून?"

"इथून कशी दिसेल? मध्ये डोंगर आहे, तो दिसत नाही का?"

"पण आई इथून बघायची. जहाज फुटलं तेव्हा तिने इथूनच—"

"कोणी सांगितलं?"

आईने सांगितलं नव्हतं. आई त्या विषयावर मरेपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या जहाजातल्या पाहुण्यांना काहीतरी सांगायचं म्हणून ते तोंडातून गेलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि मग दर वेळी तेच जात राहिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मागच्या महिन्यात ट्रॅव्हिसला शिव्या देताना हेच वाक्य त्यांनी युलालीला चार वेळा ऐकवलं होतं.

"रोझेटा घरी होती," मिस इस्मे म्हणाली. "तुला ताप होता. कोणीच काही पाहिलं नाही. सकाळी जहाजाच्या फळ्या किनाऱ्याला आल्या, तेव्हा कळलं."

"मग ती दर शुक्रवारी इथे कशाला यायची?"

म्हातारीने शेळीची दोरी जरा ओढून घेतली. "तुमच्या दारातून किटली दिसते. विहिरीवरून दिसते. चर्चच्या पायरीवरून दिसते. बाजारात गेलं तरी दोन घरांच्या मधून दिसते. या बेटावर जिथे उभं राहावं तिथे ती मेली समोर असते. इथून तेवढी दिसत नाही. म्हणून यायचो. आम्ही सात-आठ जणी होतो. तुरीच्या शेंगा आणायचो, सोलत बसायचो. गप्पा मारायचो. हसायचोसुद्धा, हो. पोरांना आणायचं नाही असं ठरलं होतं. पोरं आली की विचारतात."

मास्तर खडकावर बसले. फाटलेल्या पँटमधून खडक गरम लागला. राग आतून उसळत होता, पण तो आता कोणावर काढायचा ते त्यांना सुचेना. ट्रॅव्हिसवर काढावा तर ट्रॅव्हिसने निदान आपली थाप एक महिनाच मारली होती.

मग त्यांनी सवयीने फॉर्म पुढे केला.

"मला लिहिता येतं," मिस इस्मे म्हणाली. "सही करणार नाही. तू आलास हे कोणी विचारलं तर सांगेन. पाठव त्याला वर."

धक्क्यावर मास्तर पोचले तेव्हा पाचला वीस मिनिटं होती, बोट लागलेली होती आणि अर्धं बेट जमलेलं होतं. मास्तर जमिनीचे कागद सरकारला देऊन टाकताहेत की काय हे बघायला सगळे आले होते. डेलानो पास्कॉलने फॉर्म हातात घेतला, मेणाचे थेंब नखाने खरवडले आणि एकुलती एक सही वाचली.

"हे मिस्टर व्हिटकोम रहिवासी आहेत?"

"अकरा वर्षं नांगर टाकून आहेत."

"नांगर म्हणजे पत्ता नव्हे."

आता प्रकरण जमिनीचं नाही, मास्तरांच्या परवान्याचं आहे, हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि गर्दीचं तोंड फिरलं. मिस फिलोमेना पुढे आली. "मास्तर माझ्याकडे आले होते. कोको प्यायले." क्वाशी म्हणाला, "आमच्याकडे दोनदा मटण घेतलं." लुडोविकने आपल्या चारही माणसांना साक्षीला उभं केलं.

"तोंडी चालत नाही," साहेब म्हणाला.

"का? आमच्या तोंडाला काय झालंय?" लुडोविकने विचारलं, आणि सगळे एक पाऊल पुढे सरकले. साहेबाने टाय सैल केला. बोटीने भोंगा दिला. त्याने घाईघाईने फॉर्म उलटला.

"ठीक आहे, ठीक आहे. सूचना अकरा. सह्या मिळाल्या नाहीत तर अर्जदाराने स्वतः लिहून द्यायचं. आठही जागा मला पूर्वीपासून परिचित आहेत आणि पाहुण्यांना मी देत असलेली माहिती खरी आहे. खाली तुमची सही. मी इथेच शिक्का मारतो."

दिवसभर ज्यांनी हात पाठीमागे धरले होते ते सगळे एका आवाजात सांगू लागले, करा सही मास्तर, एवढं काय त्यात. घाईने स्वतःचं पेन काढून दिलं. मास्तरांनी टोपण उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. पूर्ण वाचलं. 'खरी आहे' या शब्दांशी येऊन थांबले.

"करा ना, मास्तर," लुडोविक म्हणाला.

"तू वाचलंस का हे?"

"नाही."

"मग गप्प बस." त्यांनी टोपण लावलं. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो रागाने कापतोय असं सगळ्यांना वाटलं. "वरचं टोक मी आज पहिल्यांदा पाहिलं. आणि त्याबद्दल मी अकरा वर्षं जे सांगत आलो ते खोटं होतं. घ्या तुमचा फॉर्म."

साहेबाने शिक्का पेटीत ठेवला, टेबलाच्या घड्या केल्या आणि बोटीवर चढला. त्याच बोटीतून, उद्या सकाळी जहाज गाठायचं म्हणून, ट्रॅव्हिस उतरला होता. पोपटांचा शर्ट, छातीवर बिल्ला. मास्तर सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. लोक जवळ आले, निदान इथे तरी काहीतरी होईल म्हणून.

"गुड आफ्टरनून, ट्रॅव्हिस."

"गुड आफ्टरनून, मास्तर." दात अर्धेच दिसले.

"उद्या पायथ्याशी उभं राहून चौदा माणसं प्यायलेली होती असं म्हणालास, तर मी तुला या धक्क्यावरून ढकलून देईन. त्याला परवाना लागत नाही."

"मग काय सांगू? तुमचं ते सांगू का, आई वर उभी राहून बघत होती ते? ते भारी आहे. लोक रडतात."

"ते खोटं आहे."

"मग खरं काय आहे?"

"बायका वर जाऊन बसायच्या आणि तुरी सोलायच्या. कारण तिथून तो खडक दिसत नाही."

ट्रॅव्हिसने वरच्या टोकाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या लोंबणाऱ्या बुटाकडे. "म्हणजे चाळीस म्हाताऱ्यांना एवढा डोंगर चढवायचा, आणि वर नेऊन सांगायचं की इथून काही दिसत नाही?"

"हो."

"ते फोटो कशाचा काढतील, मास्तर?"

मास्तरांना ओरडायचं होतं. पण ओरडताच येईना.

"काढू नका म्हणावं," ते म्हणाले. "थोडा वेळ नुसते बसा म्हणावं."

ट्रॅव्हिसने खिशातून छोटी वही काढली, एक कोरं पान उघडलं आणि विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय होतं?"

"रोझेटा," मास्तर म्हणाले, आणि त्याने ते नीट लिहिलंय का, हे त्यांनी वहीवर वाकून वाचून पाहिलं.